बाल्कनीच्या सरकत्या जाळीचे झिजलेले रोलर बदलताना

मुंबई-पुण्याकडच्या अनेक सदनिकांमध्ये हॉल आणि बाल्कनी यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा तीन ट्रॅकचा सरकता दरवाजा असतो. त्याच्या दोन ट्रॅकवर काचेची शटरे असतात आणि तिसऱ्यावर डासांच्या जाळीचे शटर. काचेचे शटर सकाळी एकदा उघडले की रात्रीपर्यंत तसेच राहते. जाळीचे शटर मात्र कपडे वाळत घालताना, झाडांना पाणी घालताना, मुले आत-बाहेर करताना सतत सरकत असते आणि म्हणूनच बहुतेक घरांत तेच सर्वांत आधी कुरकुरू लागते, अडू लागते आणि शेवटी दोन्ही हातांनी उचलून ढकलावे लागते. अशा वेळी बहुधा खालचे रोलर (शटर ज्यांवर सरकते ती डब्यात बसवलेली छोटी चाके) झिजलेले असतात. आपले फॅब्रिकेटर, म्हणजे ॲल्युमिनियमचे दरवाजे-खिडक्या बनवणारे कारागीर, आणि हार्डवेअरचे दुकानदार त्यांना बेअरिंग म्हणतात. साधी हत्यारे हाताळण्याची सवय असलेल्या कोणालाही हे काम घरी नीट करता येते, परंतु रोलर बदलण्याआधी तो झिजला कशामुळे हे शोधले नाही, तर नवा रोलरही त्याच कारणाने थोड्याच काळात निकामी होतो. या लेखात रोलर बदलण्याइतकाच भर त्या कारणाच्या शोधावर दिला आहे.

सर्वसाधारण समजूत अशी असते की रोलर वजनाने झिजतात. काचेच्या शटरच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण काचेचे वजन दर चौरस मीटरला आणि जाडीच्या दर मिलिमीटरला २.५ किलो भरते. ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच शटरमध्ये ५ मिलिमीटरची काच असेल, तर एकट्या काचेचेच वजन सुमारे २३-२४ किलो होते. जाळीचे शटर त्या तुलनेत अगदीच हलके असते. तरीही त्याचे रोलर आधी जातात, याचा अर्थ कारण वजनात नसून दुसरीकडे आहे.

पहिले कारण म्हणजे धूळ आणि केस. झाडू मारताना ट्रॅकमध्ये गेलेले केस आणि दोरे चाकाच्या आसाभोवती गुंडाळले जातात, चाक फिरायचे थांबते आणि पुढे ते रुळावरून, म्हणजे ट्रॅकमधल्या उंच कडेवरून, नुसते घासत जाते. नायलॉनच्या चाकाची एक बाजू अशी घासली गेली की ती सपाट होते, मग चाक अधूनमधून फिरले तरी दर फेऱ्याला टक असा आवाज येतो. दुसरे कारण पाणी. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये साचलेल्या पाण्यात साध्या लोखंडाचा आस गंजतो, आणि समुद्राजवळच्या गावांत, म्हणजे मुंबईपासून रत्नागिरी, मालवण आणि पणजीपर्यंत, खाऱ्या हवेमुळे हे अधिकच लवकर घडते. तिसऱ्या कारणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बाल्कनीत जाताना आपण अनेकदा रुळावरच पाय देतो, कधी धुण्याची भरलेली बादली त्यावर टेकवतो, कधी वॉशिंग मशीन किंवा कुंडी त्यावरून ओढतो. ॲल्युमिनियमचा रूळ पातळ असल्याने तिथे खोक पडते किंवा त्याची कड वाकते, आणि जाता-येता त्याच जागी चाकाला ठेच लागत राहते.

आधी ट्रॅक स्वच्छ करून पाहावा

काहीही खोलण्याआधी शटर एका टोकाला सरकवून ट्रॅक पूर्ण स्वच्छ करावा. सुकी धूळ व्हॅक्यूम क्लीनरने किंवा जुन्या रंगाच्या ब्रशने काढावी, कोपऱ्यात घट्ट बसलेला मळ टूथब्रशने सैल करावा आणि शेवटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. या वेळी निघणारा मळ नीट पाहावा, कारण त्यातून बरेच कळते. करडी-काळी, बोटाला चिकटणारी पूड निघाली, तर ॲल्युमिनियम घासले जात आहे असे समजावे. ही पूड ट्रॅकच्या एकाच भागात असेल, तर रुळाला त्या ठिकाणी इजा झालेली आहे, आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली असेल, तर चाक फिरत नाही किंवा शटरचा खालचा सेक्शनच (शटरच्या चौकटीची पोकळ पट्टी) रुळावर टेकला आहे. तांबूस गंज दिसला तर आस किंवा स्क्रू गेला आहे. केवळ माती आणि केस निघाले, तर स्वच्छतेनंतर शटर पुन्हा नीट चालू लागण्याची चांगली शक्यता असते आणि पुढचे काम टळते.

त्यानंतर शटर जवळजवळ बंद करून त्याची उभी कड आणि चौकट यांच्यामधली फट वर आणि खाली मोजावी. ही फट वर आणि खाली वेगवेगळी असेल, तर शटर कललेले आहे, म्हणजे एका बाजूचा रोलर दुसऱ्यापेक्षा खाली बसला आहे. अशी फट दिसायला लहान वाटली तरी दोन-तीन मिलिमीटरच्या वाटेने डास सहज आत येतात. डेंग्यू पसरवणारा डास मुख्यतः दिवसा चावतो, तेव्हा दिवसभर लावून ठेवायच्या जाळीची ही फट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

शटर ट्रॅकमधून काढणे

सरकत्या शटरची रचना अशी असते की वरच्या ट्रॅकची खोबण खालच्या रुळाच्या उंचीपेक्षा जास्त खोल असते. त्यामुळे शटर सरळ वर उचलले की त्याची खालची बाजू रुळावरून सुटते, आणि ती आपल्याकडे ओढून घेतली की पूर्ण शटर तिरके होऊन बाहेर येते. काही दरवाज्यांत शटर उचलता येऊ नये म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये किंवा शटरच्या वरच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा छोटा ठोकळा बसवलेला असतो. शटर उचलले जात नसेल तर जोर लावण्याआधी टॉर्च घेऊन हा ठोकळा शोधावा, त्याचा स्क्रू काढून तो बाजूला ठेवावा आणि काम संपल्यावर आठवणीने परत बसवावा.

हे काम दोघांनी करावे. जाळीचे शटर हलके असले तरी दोन मीटरहून उंच असते, आणि एकट्याने तिरके करताना जाळी कशात तरी अडकून फाटण्याचा धोका असतो. जाळीचा ट्रॅक हॉलच्या बाजूला असेल तर शटर सरळ आत काढता येते. तो बाल्कनीच्या बाजूला असेल तर बाल्कनीत उभे राहून काढावे. बाल्कनी अरुंद असून शटर तिरके करायला जागा नसेल, तर मात्र आधी काचेची शटरे काढावी लागतात आणि वर सांगितलेले वजन पाहता तिथे दोन धडधाकट माणसे, हातमोजे आणि बंद बूट आवश्यक आहेत. हीच पद्धत खिडकीच्या जाळीला वापरायची असेल, तर एक गोष्ट बजावून सांगतो: वरच्या मजल्यावर बाहेरून ग्रिल नसलेल्या खिडकीचे बाहेरच्या ट्रॅकवरील शटर घरच्या घरी काढू नये. शटर हातातून निसटले तर ते थेट खाली चालणाऱ्या माणसांवर पडते, आणि ते काम दोर बांधून करणाऱ्या कारागिराचेच आहे.

काढलेले शटर जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यावर आडवे ठेवावे आणि शक्य असेल तर त्याच्या चारही बाजूंचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. वरची बाजू कोणती आणि आतली कोणती हे पेन्सिलने लिहून ठेवले तर परत बसवताना गोंधळ होत नाही.

रोलर बाहेर काढणे

शटरच्या खालच्या आडव्या सेक्शनमध्ये दोन्ही टोकांना एकेक रोलर असतो. तो कसा अडकवलेला आहे हे प्रत्येक सेक्शनमध्ये थोडे वेगळे असते, म्हणून आधी निरीक्षण करावे. काही रोलर केवळ खोबणीत दाबून बसवलेले असतात आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उचकटले की निघतात. काहींना खालून किंवा उभ्या सेक्शनच्या बाजूने स्क्रू असतो, तो सैल केला की रोलरचा डबा बाहेर सरकतो. तिसऱ्या प्रकारात रोलर आडव्या सेक्शनच्या पोकळीत टोकाकडून सरकवलेला असतो आणि उभा सेक्शन सोडवल्याशिवाय तो बाहेर येत नाही. यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) दरवाज्यात आणि जाड सेक्शनच्या काही ॲल्युमिनियम दरवाज्यांत रोलर वर-खाली करण्याची सोय असते. शटरच्या खालच्या बाजूला टोकाजवळ एक छोटे भोक दिसते, त्यात ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) किंवा स्टार स्क्रू ड्रायव्हर घालून रोलर खाली-वर करता येतो. अशा शटरमध्ये अनेकदा रोलर झिजलेला नसतो, नुसता बसलेला असतो, तेव्हा आधी तेवढेच करून पाहावे. एका वेळी अर्धा फेरा फिरवावा, शटर कोणत्या दिशेने उचलले जाते ते पाहावे आणि मग पुढे जावे.

जिथे उभा सेक्शन सोडवावा लागतो तिथे जाळीचा विचार आधी करावा लागतो. जाळी चारही बाजूंना खोबणीत रबराच्या दोरीने दाबलेली असते आणि ती तशीच ठेवून सेक्शन ओढला तर जाळी ताणली जाऊन तिच्यावर कायमची सुरकुती पडते. म्हणून खालच्या बाजूचे रबर आणि उभ्या बाजूचे खालचे साधारण एक फुटाचे रबर टोकदार वस्तूने उचलून काढावे आणि जाळी तिथे मोकळी करावी. बाकीच्या जाळीला हात लावू नये. मग खालच्या कोपऱ्यातले स्क्रू काढून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, रबरी हातोडीने उभा सेक्शन हलक्या ठोक्यांनी बाहेर सरकवावा. लोखंडी हातोडी थेट ॲल्युमिनियमवर मारू नये, कारण सेक्शनचे तोंड एकदा दबले की तो पुन्हा घट्ट बसत नाही.

या कामात सर्वाधिक वेळ खातात ते गंजलेले स्क्रू. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू असला आणि दोन्हींना खारट ओलावा लागला, की दोन धातूंच्या संपर्कामुळे स्क्रूभोवतीचे ॲल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी तयार होते आणि स्क्रू जागीच जखडतो. अशा स्क्रूवर गंज सोडवणारा स्प्रे मारून निदान अर्धा तास थांबावे, मग डोक्यात तंतोतंत बसणारा स्टार स्क्रू ड्रायव्हर घेऊन, त्याच्या मुठीवर एक-दोन ठोके देऊन, आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सोडवण्याच्या दिशेने फिरवावे. घाई करून झिजलेल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला तर स्क्रूचे डोके गोल होते. तसे झाल्यास ड्रिलने डोके उडवावे, सेक्शन बाजूला करावा आणि उरलेला दांडा पकडीने धरून फिरवावा. ड्रिल करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. नवे स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. त्यांच्यामुळे ॲल्युमिनियमची झीज पूर्ण थांबत नाही, पण स्क्रू स्वतः गंजून जखडत नाही आणि पुढच्या वेळी सुटतो. भोकातले आटे झिजले असतील तर ४.२ मिलिमीटरच्या म्हणजे ८ नंबरच्या स्क्रूऐवजी ४.८ मिलिमीटरचा म्हणजे १० नंबरचा स्क्रू घट्ट बसतो.

नवा रोलर निवडणे

जुना रोलर सोबत घेऊनच दुकानात जावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या परिसरात आणि पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत अशा वस्तूंची दुकाने आहेत, आणि लहान शहरांत जो फॅब्रिकेटर ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो त्याच्याकडेच बहुधा मिळतात. दुकानदाराला नुसते खिडकीचे बेअरिंग हवे असे सांगून चालत नाही. रोलरच्या डब्याची लांबी, रुंदी आणि उंची, चाकाचा व्यास आणि जाडी, चाकाच्या खाचेचा आकार आणि चाक डब्याच्या खाली किती बाहेर येते, एवढ्या गोष्टी जुळायला हव्यात. यातले शेवटचे माप सर्वांत महत्त्वाचे आहे. जुने चाक झिजून लहान झालेले असते, त्यामुळे नवे चाक थोडे जास्त बाहेर आलेले दिसेल आणि ते योग्यच आहे. पण ते फार जास्त बाहेर आले तर शटर वरच्या ट्रॅकला घासते, आणि फार कमी आले तर खालचा सेक्शन रुळावर टेकतो व वरची कड खोबणीतून निसटण्याची भीती राहते. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नसेल तर न झिजलेल्या बाजूवर पट्टी ठेवून मोजावे.

चाक कशाचे घ्यावे याबद्दल दुकानदार बहुधा स्टीलचे सुचवतात, कारण ते जास्त टिकते. माझे मत वेगळे आहे. जाळीच्या हलक्या शटरला नायलॉनचे चाक आणि त्यात स्टेनलेस स्टीलचे बॉल बेअरिंग असलेला रोलर सर्वांत योग्य आहे. ते आवाज करत नाही आणि ॲल्युमिनियमचा रूळ खात नाही. स्टीलचे चाक स्वतः टिकते, पण त्याची किंमत रुळाला मोजावी लागते, आणि झिजलेला रोलर बदलणे सोपे असले तरी चौकटीत पक्का बसलेला ट्रॅक बदलणे अवघड असते. रुळावर स्टीलची पट्टी बसवलेली असेल तरच स्टीलच्या चाकाचा विचार करावा. ज्या रोलरमध्ये बॉल बेअरिंग नसून चाक थेट लोखंडी खिळ्यावर फिरते, तो स्वस्त असला तरी घेऊ नये, कारण पहिल्याच पावसाळ्यात तो खिळा गंजतो. रोलर नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना ठेवला तर शटर कलते आणि सगळा भार एका कोपऱ्यावर येतो.

रुळाची दुरुस्ती

शटर बाहेर आहे तोवर रुळाकडे लक्ष द्यावे, कारण अशी संधी पुन्हा लवकर येत नाही. रुळाच्या माथ्यावरून बोट हलकेच फिरवावे आणि जिथे खोक किंवा धार लागेल तिथे पेन्सिलने खूण करावी. उंचवटे बारीक कानशीने घासून काढावेत आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा गुळगुळीत करावी. वाकलेली कड पकडीच्या दोन्ही जबड्यांना कापड गुंडाळून, थोडी थोडी करत सरळ करावी, कारण ॲल्युमिनियम एकाच जागी वारंवार वाकवले की तुटते. रूळ फारच झिजून त्याचा माथा दातेरी झाला असेल, तर त्यावर वरून बसणारी स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी मिळते. ती रुळाच्या मापाची असल्याची खात्री करून, पूर्ण लांबीची एकसंध घ्यावी. तुकडे जोडले तर प्रत्येक सांध्यावर चाक ठेचकाळते. पट्टीमुळे रुळाची उंची किंचित वाढते, म्हणून ती बसवायची असेल तर रोलर विकत घेण्याआधी बसवावी.

ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीला पाणी जाण्यासाठी खाली छोटी भोके किंवा खाचा असतात. रंगकाम किंवा टाइल्सचे काम झालेल्या घरांत त्या सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजलेल्या आढळतात. बारीक तारेने त्या मोकळ्या कराव्यात आणि ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओतून ते बाहेर जाते का हे पाहावे. पाणी तसेच उभे राहिले, तर नवा रोलर कितीही चांगला असला तरी तो पाण्यातच फिरणार आहे.

परत बसवणे

नवे रोलर बसवून सेक्शन पुन्हा जोडताना स्क्रू आधी हातानेच अर्धे लावावेत आणि मग शटरचे दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. कर्ण सारखे आले म्हणजे चौकोन काटकोनात आहे. एक कर्ण जास्त आला तर त्याच्या दोन टोकांचे कोपरे एकमेकांकडे हलकेच दाबून फरक काढावा आणि मगच स्क्रू पूर्ण आवळावेत. जुन्या शटरमध्ये कोपऱ्याचे स्क्रू सैल होऊन चौकोन खचलेला असतो आणि दोष रोलरचा नसून त्या खचण्याचा असतो, असे अनेकदा आढळते. त्यानंतर जाळी खोबणीवर पसरून रबर कोपऱ्यापासून आत दाबत न्यावे. यासाठी लाकडी मूठ असलेली दाबचक्री मिळते, आणि काम थोडेसेच असल्याने बोथट कडेच्या पट्टीनेही भागते. जाळी ओढून ओढून ताणू नये, फक्त सुरकुती राहणार नाही इतकीच धरावी, कारण जास्त ताणलेली जाळी उभ्या सेक्शनला मध्यभागी आत खेचते आणि तिथे चौकटीशी फट राहते. वाळलेले, तडकलेले रबर परत वापरू नये.

शटरच्या कडेला असलेला केसाळ ब्रश झडला असेल तर तोही याच वेळी बदलावा. मग शटरची वरची कड आधी वरच्या खोबणीत घालून, पूर्ण वर उचलून, खालची बाजू रुळावर आणावी आणि हळूच सोडावी. दोन्ही चाके रुळाच्या माथ्यावर बसल्याची खात्री वाकून डोळ्यांनीच करावी, कारण एक चाक रुळाच्या बाजूला उतरले असले तरी शटर थोडे सरकते आणि आपल्याला काम झाले असे वाटते. शटर एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायला हवे. वरची कड आत-बाहेर हलवून ती खोबणीतून सुटत नाही हे तपासावे, वर-खालची फट पुन्हा मोजावी, आणि रोलर वर-खाली करण्याची सोय असेल तर ती फट सारखी होईपर्यंत अर्धा अर्धा फेरा फिरवून जुळवावी. शेवटी काढून ठेवलेला प्लास्टिकचा ठोकळा परत लावावा.

तेलाविषयी मात्र आवर्जून सांगायला हवे, कारण अनेक घरांत ट्रॅकमध्ये खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल सोडण्याची सवय आहे. दोन्ही तेलांना धूळ चिकटते आणि त्या धुळीचा लेप चाकाला घासकागदासारखा घासतो. खोबरेल तेल तर साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठते, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या थंडीत ते ट्रॅकमध्येच घट्ट होऊन बसते. चाकाच्या आसावर कोरड्या सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरेसा असतो आणि रूळ कोरडाच ठेवावा. फवारताना खाली कापड धरावे, कारण टाइल्सवर सिलिकॉनचा थेंब पडला तर तिथे पाय घसरतो. पावसाळा सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत ट्रॅक ब्रशने झाडणे, पाणी जाण्याची भोके तारेने तपासणे आणि आसाभोवतीचे केस चिमट्याने काढणे एवढे केले, तर शटर पुन्हा उतरवण्याची वेळ लवकर येत नाही. रोलर घेताना त्याच मापाची आणखी एक जोडी घेऊन, तिच्यावर दरवाज्याचे नाव लिहून हत्यारांच्या डब्यात ठेवावी, कारण सेक्शनची मापे बदलत राहतात आणि काही वर्षांनी नेमका तोच रोलर बाजारात मिळेलच असे नसते.